बडोदे: सहा वर्षांच्या रॉटवायलर कुत्रीवरून सोसायटीने पंधरा दिवसांची नोटीस दिली आहे. काय करू?

निशिगंधा_बडोदे

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितेय. जरा लांबेल, पण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

कारेलीबागेत आमचा फ्लॅट आहे. सात मजली इमारत, आम्ही चौथ्यावर, लिफ्ट एकच. घरात मी, नवरा, सासरे, आठवीतला मुलगा आणि यमी. यमी म्हणजे सहा वर्षांची रॉटवायलर मादी, वजन ३८ किलो. आम्ही ती विकत घेतलेली नाही. नवऱ्याच्या मित्राची गुवाहाटीला बदली झाली, तेव्हा "दोन महिने सांभाळ" म्हणून तो दीड वर्षाची यमी आमच्याकडे सोडून गेला. तो परत न्यायला आला नाही, आणि आला असता तरी मी दिली नसती.

मे २०२५ मध्ये अहमदाबादला हाथीजणमध्ये जे झालं ते सगळ्यांनी वाचलं असेल. रॉटवायलरच होता. फिरवणाऱ्या मुलीच्या हातून पट्टा सुटला आणि चार महिन्यांचं बाळ गेलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. यमी नेहमीसारखी सासऱ्यांच्या पलंगाखाली घोरत होती आणि मी दिवाणखान्यात बसून तिच्याकडे बघत होते. पाच वर्षांत पहिल्यांदा मी तिच्याकडे तशा नजरेने बघितलं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून सोसायटीच्या ग्रुपवर तेवीस जातींची यादी फिरायला लागली: सरकारने बंदी घातली आहे, रॉटवायलर पाळणं गुन्हा आहे, पोलिसांत कळवा. गेल्या रविवारी मीटिंग झाली. चेअरमनकाका एरवी सज्जन माणूस. सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा स्वतःची गाडी काढली होती त्यांनी. तेच मीटिंगमध्ये म्हणाले, "बेन, आ कूतरो नथी, सिंह छे." मग नोटीस आली. पंधरा दिवसांत कुत्रा सोसायटीबाहेर न्यावा. तोवर लिफ्ट बंद, जिना वापरावा, आणि दाराबाहेर सतत मझल (तोंडाला बांधायची मुसकी).

जिन्याचं सांगते. यमीचा डावा खुबा सैल आहे. आणंदच्या पशुवैद्यक महाविद्यालयात एक्स-रे काढला होता, तिथे सांगितलं होतं की वजन वाढू देऊ नका आणि जिने टाळा. आता दिवसातून तीन वेळा चार मजले उतरून चढायचे. परवा तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ती बसली ती उठेचना. ३८ किलो उचलून आणले आम्ही दोघांनी.

आमच्या विरोधातली गोष्टही सांगते, कारण नोटिशीत ती आहे. दोन वर्षांपूर्वी हेल्मेट घातलेला एक डिलिव्हरीवाला अचानक लिफ्टमध्ये शिरला. यमी जोरात भुंकली, तो मागे पडला, कोपर सोलवटलं. चावा नव्हता. मीच त्याला दवाखान्यात नेलं, पैसे दिले. तेव्हापासून लिफ्ट रिकामी असेल तरच आम्ही आत जातो.

आणि बाजूचीही एक. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी होतं. वॉचमनची बायको आणि तीन वर्षांची मुलगी दोन रात्री आमच्याकडे होत्या. ती पोर यमीच्या पोटाला टेकून झोपली होती. फोटो आहे माझ्याकडे. मीटिंगमध्ये दाखवला, कुणी हातात घेतला नाही.

प्रश्न असे आहेत. रॉटवायलरवर खरंच बंदी आहे का? सोसायटी तिला घराबाहेर काढायला लावू शकते का? नसबंदी सक्तीची आहे का (तिची झालेली नाही)? आणि एक प्रश्न कायद्याचा नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बेनला पाच महिन्यांचं बाळ आहे. मला बघितलं की ती बाळाला छातीशी घट्ट धरून भिंतीला लागते. तिला मी काय सांगू?

वकीलकाका_पुणे

ताई, ती यादी खरी आहे, पण ग्रुपवर फिरणारा अर्थ खोटा आहे.

१२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवलं होतं. तेवीस प्रकारच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, असं त्यात होतं. रॉटवायलर त्यात आहे. पण ज्यांच्याकडे हे कुत्रे आधीपासून आहेत त्यांनी ते काढून टाकावेत असं त्यातही नव्हतं. नसबंदी करावी, पुढची पिल्लं होऊ देऊ नयेत, एवढंच होतं. महिन्याभरात, १० एप्रिल २०२४ ला, कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रकच रद्द केलं, कारण संबंधितांचं म्हणणं ऐकून न घेता ते काढलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयातही प्रकरण गेलं आणि २ मे २०२४ ला केंद्राने नव्याने जाहीर सूचना काढून लोकांकडून हरकती मागवल्या. म्हणजे नसबंदीची सक्ती म्हणून जे पत्र तुम्हाला दाखवतायत, त्याला आज तो जोर नाही.

यादीही नीट वाचा. टोसा त्यात दोनदा आलाय. 'टेरियर' आणि 'मास्टिफ' असे अख्खेच्या अख्खे वर्ग लिहिलेत. पर्समध्ये मावणारा यॉर्कशायरही टेरियरच. उलट डॉबरमन आणि जर्मन शेफर्ड यादीत नाहीत. घाईत केलेलं काम आहे ते.

सोसायटीचं म्हणाल तर प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत: बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, आकार किंवा जात पाहूनही नाही, आणि लिफ्ट नाकारता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सोसायट्यांच्या नियमांतली अशी बंदी बेकायदा ठरवली आहे. या दोन्हींचा उल्लेख करून लेखी उत्तर द्या, पोच घ्या. एक्स-रेची प्रत आणि डॉक्टरांचं पत्र जोडा. भाषा सौम्य ठेवा, याच लोकांबरोबर राहायचं आहे.

पण एवढ्यावर निवांत होऊ नका. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ तुमच्यासाठी आहे. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुणाचा जीव गेला तर कलम १०६, म्हणजे पाच वर्षांपर्यंत. आणि ते डिलिव्हरीवाल्याचं प्रकरण झालंय, त्यामुळे "असं काही होईल याची कल्पना नव्हती" हे उत्तर आता तुम्हाला देता येणार नाही. महापालिकेकडे नोंदणी आणि रॅबीज लसीचा कागद तयार ठेवा.

जयंत_मिरज

पाद्रा-वाघोडियाकडे कुणाचं फार्महाऊस असेल तर तिकडे सोडा. मोठा कुत्रा फ्लॅटमध्ये ठेवणं त्याच्यावरच अन्याय आहे. तुमचाही ताप जाईल.

मीरेचीआई

निशिगंधाताई, मी दुसऱ्या बाजूने लिहितेय. रागावू नका.

माझी मुलगी साडेचार वर्षांची असताना आमच्याच इमारतीतल्या पाळीव कुत्र्याने तिच्या मांडीला धरलं. मोठा कुत्रा होता, यादीतला नव्हता. मालकीणबाई चांगल्या होत्या, माझ्याकडे भिशीला यायच्या. त्या क्षणी त्यांच्या हातात पट्टा होता आणि दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. जखम खोल, म्हणून जखमेभोवती रॅबीजचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) टोचलं, वर लसीचे डोस: पहिला दिवस, मग तिसरा, सातवा, चौदावा, अठ्ठाविसावा. कुत्र्याला लस दिलेली होती तरीही. त्या इंजेक्शनला चार जणांनी तिला धरलं होतं. आता ती दहा वर्षांची आहे आणि अजूनही रस्त्यात कुत्रा दिसला की न बोलता माझ्या डाव्या बाजूला येते.

पुरातल्या रात्रीचा फोटो कुणी हातात घेतला नाही याचं तुम्हाला दुःख झालं, ते मला समजतं. पण त्या मुलीच्या आईच्या जागी मी असते तर तो फोटो बघून माझ्या पोटात गोळाच आला असता. कुत्रा चांगला आहे हे तुम्हाला पाच वर्षांच्या सहवासातून माहीत आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईकडे ती पाच वर्षं नाहीत. तिच्याकडे फक्त अहमदाबादची बातमी आहे.

पॉमेरेनियनही चावतो, मला माहीत आहे. पण तो चावला तर टाके पडतात. तुमची यमी एकदाच चुकली तर काय होईल? जातीवरून कायदा करणं चूक असेल, पण वजन आणि जबडा यांना लोक घाबरतात यात त्यांचं काही चुकत नाही.

एकच विचारते, खरं सांगा. यमीला संध्याकाळी खाली कोण नेतं?

लीड्सकर

मी इंग्लंडमध्ये आहे, इथला अनुभव सांगतो, कारण आपल्याकडे "परदेशात बघा कसे कडक कायदे आहेत" असं नेहमी म्हणतात.

इथे १९९१ पासून धोकादायक कुत्र्यांचा कायदा आहे. चार जाती: पिटबुल टेरियर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो. रॉटवायलर त्यात कधीच नव्हता. आणि जात ठरते ती कागदांवरून किंवा रक्तावरून नाही, तर दिसण्यावरून. डोकं, छाती, पाय यांची मापं घेऊन 'त्या प्रकारात बसतो' असं ठरवतात. त्यामुळे आई-बाप कायदेशीर आणि पिल्लू बेकायदा, असंही होऊ शकतं.

बत्तीस वर्षांनी एक्सएल बुली हा पिटबुलसारखा मोठा कुत्रा त्यात घातला. ३१ डिसेंबर २०२३ पासून बाहेर पट्टा आणि मझल सक्तीचे, १ फेब्रुवारी २०२४ पासून सूट-प्रमाणपत्राशिवाय बाळगणं गुन्हा. प्रमाणपत्राला ९२ पौंड ४० पेन्स, नसबंदी, मायक्रोचिप, तिसऱ्या व्यक्तीला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा, आणि बाहेर नेणारी व्यक्ती किमान १६ वर्षांची. ज्यांना हे नको होतं त्यांनी कुत्रा डॉक्टरकडून कायमचा झोपवून घेतला तर सरकार २०० पौंड देत होतं. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ते घेतले. विमा, नसबंदी हे सगळं त्यांना झेपणारं नव्हतं. त्यांच्या दाराबाहेर पाण्याचं भांडं नंतर कितीतरी दिवस तसंच होतं.

नेदरलँड्सने पिटबुलबंदी पंधरा वर्षं चालवून २००८ मध्ये मागे घेतली, कारण चावे काही कमी झाले नाहीत. मला विचाराल तर इथल्या कायद्यातला घेण्यासारखा भाग म्हणजे तो विमा आणि ती १६ वर्षांची अट. बाकी यादी सोडून द्या.

पशुवैद्य_सांगली

आधी जयंतराव. तुमचा हेतू चांगला असेल, पण सहा वर्षं माणसांत राहिलेला रॉटवायलर अनोळखी शेतावर साखळीला बांधला की तो खरोखर धोकादायक होतो. आणि खाण्यापिण्याची सोय न बघता सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. दरवर्षी अशी दोन-तीन मोठी कुत्री माझ्याकडे येतात, मानेत रुतलेल्या साखळीसकट.

निशिगंधाताई, मझलबद्दल सोसायटीचं ऐका. सक्ती आहे म्हणून नाही, तर त्याने यमीचंच संरक्षण होतं. फक्त बाजारात मिळणारी ती नायलॉनची तोंड आवळणारी पट्टी घेऊ नका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तोंड उघडून धापा टाकूनच तो अंग थंड करतो. बडोद्याच्या उन्हाळ्यात तोंड बांधून जिने चढवलेत तर उष्माघात होईल. टोपलीसारखं मझल घ्या, आपण मळणीला बैलाला मुसकी घालतो ना, तशी जाळीची. त्यातून तिला पाणी पिता आलं पाहिजे, जीभ बाहेर काढता आली पाहिजे.

आणि आणलं की लगेच बांधू नका. आठवडाभर नुसतं जमिनीवर ठेवा, आत दह्याचं बोट लावा, तिने स्वतः तोंड घातलं पाहिजे. मग दोन सेकंद बंद, मग दहा. तीन-चार आठवडे लागतात. हेल्मेटचंही तसंच. घरातल्या माणसाने हेल्मेट घालून लांब उभं राहायचं आणि खाऊ टाकायचा, रोज थोडं जवळ. तिला हेल्मेट म्हणजे चेहरा नसलेला माणूस वाटतो.

नसबंदी यादीसाठी करू नका, तिच्यासाठी करा. रॉटवायलरमध्ये वर्षाच्या आत नसबंदी केली तर हाडांच्या कर्करोगाची जोखीम वाढलेली आढळली आहे, म्हणून मी पिल्लांची करत नाही. पण सहा वर्षांच्या मादीत गर्भाशयात पू होण्याची भीती दर वर्षी वाढते, आणि ते रात्री दोनला कळतं. आधी रक्त तपासा, मग भूल द्या.

हा मूळचा जर्मनीतल्या रॉटवाइल गावचा, खाटकांची गुरं हाकणारा आणि गाडी ओढणारा कुत्रा. गुरासमोर ठाम उभं राहणं हेच त्याचं काम होतं. तो वाईट नसतो, पण जड असतो, आणि ठरवलं की ओढतो. म्हणून मीरेच्या आईंनी जे विचारलंय त्याचं उत्तर मलाही हवं आहे.

निशिगंधा_बडोदे

दोन दिवस उत्तर लिहायला बसत होते आणि उठत होते.

संध्याकाळी यमीला माझा मुलगा नेतो. वय तेरा, वजन ४२ किलो. नवरा जीआयडीसीतून आठला येतो, मी कुकर लावत असते, सासऱ्यांचा गुडघा चालत नाही. तो आणि यमी कमाटीबागेच्या बाजूने चक्कर मारून येतात. कधी कधी त्याच्या हातात फोन असतो. हे मला माहीत होतं. पहिल्या पोस्टमध्ये मी ते लिहिलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, ते मला धोक्यासारखं कधी दिसलंच नव्हतं. त्यालाच पाहून मला वाटायचं की माझा मुलगा किती जबाबदार आहे.

अहमदाबादची बातमी मी दहा वेळा वाचली होती. दर वेळी कुत्र्याची जात वाचली, पट्टा कुणाच्या हातात होता ते वाचून पुढे गेले.

परवा मुलाला सांगितलं. तो रडला. म्हणाला, म्हणजे तुलाही यमी वाईटच वाटते. मी म्हटलं, उद्या तुझ्या हातून पट्टा सुटला तर लोक यमीला नेतील आणि तुला आयुष्यभर ते विसरता येणार नाही, म्हणून. आता संध्याकाळची फेरी साडेनऊला नवरा नेतो, सकाळी साडेपाचला मी. छातीचा पट्टा आणि गळ्याचा पट्टा, दोन्हीला दोरी. मुलगा बरोबर येतो, पण दोरी त्याच्या हातात नाही.

वकीलकाका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे पत्र दिलं. चेअरमनकाकांनी वाचलं, पोच दिली. लिफ्टबद्दल आमच्यासोबत दुसरं कुणी नसावं असं म्हणाले, ते आम्ही आधीपासून पाळतोच. पंधरा दिवसांची मुदत मागे घेतलेली नाही. पुढच्या रविवारी पुन्हा मीटिंग आहे.

काल दुपारी तिसऱ्या मजल्यावर गेले. यमीला वरच ठेवलं. बेनने दार अर्धं उघडलं, माझ्या मागे कुणी नाही ना ते बघितलं, मग आत बोलावलं. कायद्याचं काहीच बोलले नाही, फोटोही दाखवला नाही. आमच्या खाली जायच्या वेळा सांगितल्या, मुलगा आता नेत नाही हे सांगितलं, निघण्याआधी रोज मेसेज करेन म्हटलं. ती बराच वेळ बाळाच्या पाठीवर थोपटत राहिली. मग म्हणाली, "मने खबर छे ए सारी छे. पण मने ऊंघ नथी आवती." मी म्हटलं, त्या रात्री मलाही झोप नव्हती आली. चहा दिला तिने.

काल रात्रीपासून मेसेज करतेय. 'निघतोय.' 'आलो.' ती अंगठा पाठवते.

मीरेची आई, तुम्ही विचारलंत म्हणून हे झालं. मीराला माझा नमस्कार सांगा. यमीला भेटायला या असं मी म्हणणार नाही.

डॉक्टर, रक्ततपासणीला पुढच्या आठवड्यात आणंदला नेते आहे. टोपलीचं मझल ऑनलाइन दिसतंय, पण मापांत गोंधळ होतोय. काय काय मोजायचं?

मीरेचीआई

सांगितला. ती म्हणाली, यमीच्या खुब्याला बरं वाटू दे.

पशुवैद्य_सांगली

दोन मापं. नाकाच्या टोकापासून डोळ्यांच्या जरा खालपर्यंत लांबी, आणि डोळ्यांच्या बोटभर खाली तोंडाभोवती घेर. घेर तोंड मिटलेलं असताना मोजा आणि टोपली त्याहून चांगली सैल घ्या, आत जबडा उघडायला जागा लागते. शिवणकामाची टेप वापरा, धातूची नको.

निशिगंधा_बडोदे

मोजलं. लांबी साडेनऊ सेंटिमीटर, घेर एकतीस. टेप मुलाने धरली होती.